काटा मधोमध

लोकेशचं घुग्घुसला पंखे आणि पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान होतं आणि त्याची बायको रंजीता जवळच्या कोळसा खाणीत शंभर टनी डंपर चालवत होती. ही गोष्ट साऱ्या गल्लीला पाठ होती, कारण येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला लोकेश आधी ती सांगायचा. पंख्याला काय झालं हे तो नंतर विचारायचा.

विश्वास बसला नव्हता तो एकाच माणसाचा, आणि तो रंजीताचा बाप होता. पत्रू आलापल्लीजवळच्या एका गावात राहायचा. त्याचं उभं आयुष्य सागवानाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेलं होतं आणि कुठल्याही ड्रायव्हरनं त्याला कधी स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता. पोरगी घराएवढी गाडी हाकते, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. लोकेशनं मोबाईलवर दाखवलेले फोटो त्यानं पाहिले आणि मोबाईल परत दिला.

"मोबाईलात आजकाल माणसाले वाघावर बी बसवतेत," तो म्हणाला. "कागदाचा दाखवा. पह्यले निघे तसा, रिळाचा."

लोकेशनं चंद्रपूरच्या जुन्या सामानाच्या दुकानातून रिळाचा कॅमेरा शोधून आणला. त्यातला उजेड मोजणारा मीटर मेला होता. लोकेशनं तो उघडला, गंजलेली तार बदलली, आणि काटा हलला तेव्हा अर्ध्या गल्लीला बोलावून दाखवला. कॅमेऱ्याला डोळा लावला की कडेला हा बारीक काटा दिसे. उजेड जास्त असला की वर जाई, कमी असला की खाली बसे. भिंगाचं कडं फिरवून तो मधोमध आणायचा, की फोटो बरोबर. पुढचे कित्येक दिवस लोकेश रीळ न भरताच शेजारणी, बकऱ्या आणि पाण्याच्या टाक्या मोजत हिंडला. काटा मधोमध आला की त्याची छाती आपोआप पुढे यायची.

मग खाणीत कामगारांच्या घरच्यांना मशीन दाखवण्याचा दिवस आला. रंजीता हेल्मेट काखेत धरून डंपरच्या चाकापाशी उभी राहिली. चाक तिच्यापेक्षा उंच होतं आणि मागे कोळशाचा काळाकुट्ट डोंगर होता. लोकेशनं डोळा लावला. काटा पार तळाशी. त्यानं कडं फिरवलं, आणखी फिरवलं, अगदी शेवटपर्यंत नेलं, तेव्हा कुठं काटा मधोमध आला. आजूबाजूचे लोक तोवर मोबाईलवर फोटो काढून मोकळे झाले होते. पण एवढा वेळ लावणारा माणूस खाणीनंच बोलावलेला फोटोग्राफर असणार, असं त्यांनी धरलं आणि ते रांगेत उभे राहिले. लोकेशला नाही म्हणवेना. सारं रीळ त्यानं त्याच काट्यावर संपवलं.

धुतलेले फोटो नागपूरहून आले तेव्हा ती सगळी कुटुंबं दुकानात हजर होती. लोकेशनं पाकीट फोडलं. काळा कोळसा राखेसारखा करडा आला होता, त्यातलं ढेकूळ न् ढेकूळ दिसत होतं. चाकाचे नट-बोल्टही स्पष्ट होते. चेहरे मात्र धुतलेल्या ताटासारखे पांढरेशुभ्र होते, ना नाक, ना डोळे. एकाच माणसानं निरनिराळे कपडे घालून सगळे फोटो काढून घेतल्यासारखं वाटत होतं. एका बाईनं आपला नवरा शर्टावरून ओळखला आणि लगेच तो दुसऱ्या बाईचा निघाला.

रंजीतानं आपला फोटो उजेडात धरला. "गाडी मस्त आली जी," ती म्हणाली. "मीच नाई आली."

लोकेश दिवसभर मीटर उघडून बसला. संध्याकाळी तो एकदम ताठ झाला. काटा चुकला नव्हता. समोर कोळसा आहे हे त्या बिचाऱ्याला कळण्याची सोयच नव्हती. समोर जे काही असेल ते धड काळं नाही, धड पांढरं नाही, असं तो धरून चालायचा. कोळसा पाहून त्याला वाटलं उजेड कमी आहे, त्यानं आणखी मागितला, आणि लोकेशनं तो दिला. कॅमेरा रंजीताच्या चेहऱ्याजवळ नेऊन तिथला उजेड मोजायला हवा होता. हे उमगल्याचा त्याला इतका अभिमान वाटला की फोटो बिघडल्याचं दुःख मागेच पडलं. त्यानं ते प्रत्येक कुटुंबाला समजावलं. लोक फोटो घेऊन बोलणं संपायच्या आत निघून गेले.

त्या एका दिवसाखेरीज खाणीत कॅमेरा नेता येत नव्हता, आणि तिकडे पत्रूनं फोटो पाहायला भाऊबंद बोलावूनही ठेवले होते. शेवटी दोघं तोच फोटो घेऊन आलापल्लीकडे निघाले. वाटभर लोकेश सासऱ्याला काय सांगायचं ते मनात जुळवत होता.

पत्रूनं हात धुऊन फोटो घेतला. लोकेशनं घसा साफ केला. "मामाजी, त्याचं असं आहे, हा जो काटा असते ना..."

पत्रूनं हातानंच त्याला थांबवलं. फोटोतल्या बाईचा एक पाय जरा पुढे होता, सगळा भार दुसऱ्या पायावर, आणि कोपर बाहेर काढलेलं. त्यावरून त्यानं सावकाश बोट फिरवलं.

"हे उभं राहणं माह्या मायचं आहे," तो म्हणाला. "तिच्यानंतर हिचं. हे कोणाले खोटं करता येत नाई."

मग त्यानं पोरीला विचारलं, स्टेअरिंग जड असते का. रंजीता म्हणाली, नाही, एका हातानं फिरते. पत्रूनं एक हात हवेत गोल फिरवून पाहिला. मग त्यानं फोटो सगळ्या भाऊबंदांच्या हातात एकेकदा दिला आणि प्रत्येकाला चाकाची उंची आपल्या डोक्यावर हात नेऊन दाखवली.

शेजारच्या सुकलूनं फोटो जवळ धरून पाहिला आणि विचारलं, बाईचं तोंड काऊन असं पांढरं आलं. लोकेश हाच प्रश्न येण्याची वाट पाहत होता. तो सरसावून बसला. पण उत्तर पत्रूनंच दिलं.

"फोटो जवाईबापूनं काढला," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पोरीची मशीन मोठी आहे, पण तिले येते. यांची मशीन लहान आहे. शिकून राह्यले अजून, जमन हळूहळू."