मुख्य काम बघायचं

कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटांत विश्वकोशांच्या तोडीचा माणूस नाही, असं खुद्द विश्वकोशांचंच मत होतं. हे टोपणनाव ऑफिसातल्या मंडळींनी चिडवायला ठेवलेलं, पण त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. "जगातली कुठलीही वस्तू आणा," ते म्हणत, "ती कुठल्या वर्गात बसते ते डोळे मिटून सांगतो. नाव बघायचं नाही, रूप बघायचं नाही. मुख्य काम बघायचं." घरातही तेच. खुर्चीवर साठलेल्या कपड्यांच्या ढिगावरून बायको करवादली, तर म्हणाले, "हिचं मुख्य काम कपडे ठेवणं. म्हणजे हे कपाट झालं. कपाटात कपडे असले तर बिघडलं कुठे?" आता असल्या माणसाशी कोण डोकं लावणार?

तर त्यांच्या मेव्हण्याने परदेशातून गॅस सेन्सर मागवले. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा, लाडका भाऊ. आजवर ज्या धंद्याला हात लावला तो त्याने बुडवला होता, आणि आता कुठे एका बिस्कीट कारखान्याने त्याच्यावर विश्वास टाकला होता. सेन्सर बसल्याशिवाय तिथल्या भट्ट्या पेटणार नव्हत्या. उद्यापर्यंत माल पोचला नाही, तर कारखाना दुसऱ्याकडून घेणार होता. बायकोने बजावून ठेवलं, "या वेळी तो तुमच्यामुळे तोंडघशी पडला, तर मी माहेरी जाईन आणि परत येणार नाही."

मेव्हण्याचा फोन आला. "भाऊजी, त्या सेन्सरचं मी आधीच..."

"तू काळजी सोड. ऐक. हवेतला गॅस आकड्यात दाखवतं ते मोजमापाचं उपकरण. गॅस आला की बोंब मारतो तो धोक्याचा भोंगा. भोंग्याला वेगळी मंजुरी लागते, आणि ती मिळेपर्यंत माल गोदामात धूळ खातो. म्हणून आपण मोजमापाचं उपकरण म्हणायचं."

"हो, पण मी काय सांगत होतो..."

"ठेव फोन."

नमुन्याचा एक सेन्सर त्यांनी दुपारपासून घरी ओट्यावर चालू करून ठेवला होता. संध्याकाळी विश्वकोशांनी त्याच्यासमोर शेगडीचा गॅस जरासा सोडून बघितला. आकडा भराभर चढला, आवाज मात्र शून्य. ते खूश झाले. "बघितलंस? मुका आहे बिचारा."

"अहो, त्यात मी दुपारी..." बायको म्हणाली.

"ही तांत्रिक बाब आहे. तू मध्ये पडू नकोस."

ती भांडी आवरायला लागली.

घराबाहेर पडताना सेंट मारायचा, ही विश्वकोशांची रीत. महत्त्वाच्या दिवशी जास्त मारायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोदामात शिरले तेव्हा दारावरचा पहारेकरी शिंकला. तपासणी अधिकारी मॅडमना मात्र सर्दी झाली होती, त्यामुळे त्या निवांत होत्या. त्यांनी एक सेन्सर उलटसुलट करून बघितला.

"याला भोंगा दिसतोय."

"असेल की, मॅडम. गळा सगळ्यांनाच असतो, म्हणून काय जो तो गवई होतो? मुख्य काम बघायचं."

"बरं. मग दोन-चार चालू करून दाखवा."

इथे थांबायला हवं होतं. पण दोन-चारावर भागेल तर ते विश्वकोश कसले! "दोन-चार कशाला? अख्खं खोकं लावतो," म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या आणि खोक्यावर वाकून एकेक सेन्सर चालू केला. ते गरम व्हायला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्यांनी मापन म्हणजे काय, यावर मॅडमना छोटंसं व्याख्यान दिलं, तेही खोक्यावर वाकूनच.

मग खोकं बोंबललं. सगळं एकदम. हमालांनी डोक्यावरचं ओझं टाकलं आणि पळाले. कारकून पळाले, शेजारच्या ऑफिसातले साहेब एका पायात बूट घालून पळाले. आगीचा बंब आला. विश्वकोश आवारात प्रत्येकाला गाठून सांगत होते, "अहो, घाबरू नका, ते फक्त मोजतायत."

बंबावरचा जवान आत जाऊन हुंगून आला. "गॅस नाही. कुणीतरी सेंटची बाटली फोडलीय. त्यातल्या स्पिरिटनेही ही यंत्रं बोंबलतात."

मॅडमनी गर्दीकडे बोट दाखवलं. "ही माणसं कशामुळे बाहेर आली? आकडा वाचून?"

विश्वकोश बाजूला सरकले. त्यांनी बायकोला फोन लावला. "अगं, घरी तर वाजला नव्हता."

"वाजत होता की. काल दुपारी तुम्ही सेंट मारून गेलात, तसा जो ओरडायला लागला! शेजारचं बाळ उठलं, म्हणून मी त्याच्या भोंग्याच्या भोकात कापसाचा बोळा कोंबला. तेच सांगत होते."

माल अडकला, मेव्हणा बुडाला, बायको चालली. ते मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, भोंगाच आहे. माझं चुकलं. पण त्या पोराचा धंदा जाईल हो."

तेवढ्यात ते पोर धापा टाकत आलं. "भाऊजी, काय चाललंय? भोंग्याची मंजुरी मी महिन्यापूर्वीच काढलीय. फोनवर तेच सांगत होतो."

मॅडमनी कॉम्प्युटरवर बघितलं. मंजुरी होती. "मग अडलंय कुठे?" म्हणत त्यांनी वर्ग बदलला आणि माल सोडला. त्याच दिवशी कारखान्याच्या भट्ट्या पेटल्या.

मेव्हण्याने आनंदाने घरी येऊन एक सेन्सर ताईला भेट दिला. तिने तो चालू करून बैठकीत फळीवर ठेवला. संध्याकाळी बहीण-भाऊ चहा पीत बसले असताना विश्वकोश थकून आले आणि खुर्चीकडे वळले.

"कपाटावर कोण बसतं?" बायको म्हणाली.

ते उभे राहिले. पण स्वभाव कुठे जातो? घसा खाकरून त्यांनी फळीला पाठ टेकली. "मी काय म्हणतो, झालं ते बरंच झालं. माझा अंदाज तसा..."

फळीवरून सेन्सर किंचाळला. पुढचं काहीच ऐकू आलं नाही.

"बोळा आण, बोळा," विश्वकोश खुणा करत होते.

"राहू दे, ताई," मेव्हणा ओरडून म्हणाला. "याचं मुख्य काम सापडलं."

कापूस आतल्या खोलीत होता. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.