नगावर गाणी घेणारी हिरूबाय

चिखले गावची हिरूबाय गाणी नगावर विकत घेते. एक गाणं, पंधरा रुपये. आमच्या डहाणूत हे कुणाला सांगितलं तर आधी हसतात आणि मग विचारतात, "का? वेडबिड लागलंय का म्हातारीला?"

मीही हसले होते. दोन हजार पंधरा-सोळाची गोष्ट. चारोटीच्या नाक्यावर एक मोबाइलवाला तीस रुपयांत अख्खं मेमरी कार्ड भरून द्यायचा. हजार गाणी! मी निवृत्त शिक्षिका, हिशेबाची पक्की. कार्ड भरून आणलं आणि बुधवारी हिरूबाय मासळीची पाटी घेऊन दारात आली, तेव्हा तिच्यापुढे मिरवलं.

हिरूबायने पाटी उतरवली, पदराने घाम पुसला आणि विचारलं, "हजारातली आवडली किती?"

"असतील पाचसहा."

"आनि बाकीचा कचरा घरी कशाला आनला?"

मग तिने मला तिचं शास्त्र शिकवलं. मांदेली वाट्यावर घ्यायची. वाट्यात वरची ताजी असते, तळाशी कालची लपवलेली असते, हे घेणाऱ्यालाही माहीत असतं आणि विकणारीलाही. पापलेट मात्र नगावर. हातात घ्यायचं, कल्ला उघडायचा, डोळा बघायचा, मगच भाव बोलायचा. "बाई, गाणं पापलेट हाय. तू मांदेलीसारखं आनलंस."

माझी हजार मांदेली खरंच वासाची निघाली. प्रत्येक गाण्याच्या मध्येच तो मोबाइलवाला ओरडायचा, स्वतःच्या दुकानाचं नाव, पत्ता, नाक्यावरची खूण. नवरी सासरी निघालीय, सनई रडतेय, आणि हा मध्येच, "रिपेरिंग करून मिळेल!"

हिरूबायला मुलाने नवा फोन दिला होता. पैसे भरून गाणं उतरवायचं तर बँकेचं कार्ड लागतं, ते माझ्याकडे. म्हणून दर बुधवारी मासळी विकून झाली की ती माझ्या पायरीवर बसायची. आधी पंधरा रुपये पायरीवर ठेवायची, मग गाण्याचं नाव सांगायची. रेंज यायची नाही, गोल चक्र फिरत राहायचं. मी वैतागायची. ती म्हणायची, "जाळं टाकलंय ना? मग बसायचं."

गाणं उतरलं तरी ती लगेच ऐकायची नाही. फोन माझ्यापुढे धरायची. "वाच. गायलं कोनी? वाजवलं कोनी?" हिरूबायला अक्षर येत नाही. मी वाचायची तशी ती एकेका शब्दावर बोट ठेवत जायची. सगळी नावं संपली की मान हलवायची आणि मगच गाणं लावायची. एकदा मी एक नाव गाळलं तर बोट तिथेच थांबलं. "ह्यो कोन राहिला?"

वर्षभरात नेट इतकं स्वस्त झालं की तिची सूनही चुलीपाशी बसून फुकट गाणी वाजवू लागली. "आई, अजून पैसे घालता गाण्यात?" असे ती रोज टोमणे मारायची. हिरूबाय ढिम्म. पायरीवर पंधरा रुपये ठेवायचेच.

शेवटी मी विचारलं, "हिरूबाय, तू नेमकं काय शोधतेस गं?"

ती पाटीतली उरलीसुरली मासळी उगाच इकडची तिकडे करत राहिली. मग म्हणाली, "लखम्याचं हळदीचं गाणं."

लखमा म्हणजे तिचा नवरा. होडीवर जायचा आणि लग्नसराईत वेवजी गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. त्या बँडने एकदा हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढली होती. लखमा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

ती कॅसेट मला चांगलीच आठवत होती. नको तेवढी.

तेव्हा मी तिशीतली. केसांत गजरा, गळ्यात चष्म्याची साखळी आणि जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असा चेहरा. आज ती बया समोर आली तर मी तिला फळ्यापुढे उभी करीन. लखम्याची कॅसेट बाजारात आली, तेव्हा ह्या हुशार बाईने ती शेजारणीकडून मागून आणली, कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली. उतरवताना कुकरची शिट्टीही त्यात गेली. कुणी ढापू नये म्हणून वर ठळक अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. आणि कहर म्हणजे दारात मासळी द्यायला आलेल्या हिरूबायलाच ती दाखवली, "बघ, तुझ्या नवऱ्याची कॅसेट. मला फुकटात पडली!"

हिरूबायने मांदेलीचा वाटा दिला. पाटी उचलली आणि गेली. वर चार जास्तच टाकली होती.

हिरूबायने पायरीवर लखम्याचं नाव काढलं, त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. हळद, वेवजी, बँड, लग्न, जे सुचेल ते टाइप केलं. तीन बुधवार गेले. चौथ्या बुधवारी सापडलं! कुठल्याशा कंपनीने जुन्या कॅसेटी नेटवर चढवल्या होत्या. चित्रात भलतीच नवरी. पण पहिला सूर वाजला आणि हिरूबायने पदर तोंडाशी नेला. लगेच गाणं थांबवलं. पंधरा रुपये पायरीवर ठेवले.

"उतरव."

उतरवलं.

"वाच. वाजवलं कोनी?"

पडद्यावर लिहिलं होतं, 'विविध कलाकार'. बस. तिचं बोट पहिल्या शब्दावर टेकलेलं.

पस्तीस वर्षं मी पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं. मी घसा साफ केला आणि वाचलं, "क्लॅरिनेट, लखमा, चिखले."

"चिखलेबी लिवलंय?"

"लिहिलंय ना!"

हिरूबाय उठली. चेहरा असा की होडी भरून आलीय. "सुनेला वाचायला लावते आता. लई बोलते."

मी तिच्या हातातला फोन पटकन घेतला. "अगं, बॅटरी संपत आलीय. फोन ठेव, चार्ज करते. उद्या ने." ती गेली. मी दार लावलं, चष्मा पुसला आणि बसले. उतरवलेल्या गाण्यावरचं नाव बदलता येतं असं कुठेतरी ऐकलं होतं. दुपारचं जेवण राहिलं, दोनदा गाणंच पुसलं गेलं, माझे तीस रुपये गेले. चारच्या सुमारास जमलं, 'विविध कलाकार'च्या जागी 'क्लॅरिनेट, लखमा, चिखले'. त्या कॅसेटीवर स्वतःचं नाव लिहिताना मला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

सकाळी हिरूबाय फोन घेऊन गेली. दुपारी परत आली, पाटीशिवाय. हातात केळीच्या पानात एकच पापलेट, डोळा काचेसारखा स्वच्छ.

"वाचलं का सुनेने?"

"वाचलं. दोनदा. मग गप बसली."

मी सुटकेचा श्वास सोडला. हिरूबायने पापलेट माझ्या हातात दिलं आणि फोन उघडून नावावर बोट ठेवलं.

"काल इथं दोन शब्द होते, बाई," ती म्हणाली. "आज तीन हायत."

ती पायरीवर बसली, पदर सावरला, फोन माझ्यापुढे धरला.

"वाच," ती म्हणाली. "सावकाश वाच."