पौषातली तित्तरं

सवत असावी तर माणसाची. तिच्या झिंज्या तरी उपटता येतात. माझ्या सवती कोलशेतच्या आमच्या घरामागे वालाच्या शेतात राहत, आणि त्यांना पंख होते.

इकडची स्वारी ठाण्याच्या कचेरीत कारकून. पण पौष लागला की सगळा जीव रानातल्या तित्तरांत. थंडीत किडे मिळत नाहीत, गवताचं बी संपतं, मग बिचारी खाणार काय, हाच घोर. नाचणीनं ऊब येते, तिळानं अंग धरतं, कोंड्यानं नुसती फसवणूक होते. "पोट भरणं वेगळं, अंगी लागणं वेगळं," हे आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकावं लागे. बंदूक घेऊन आलेल्या एका साहेबालाही ते इतकं ऐकवलं की तो कंटाळून तसाच परत गेला.

मी मात्र जळत होते. मला सातवा लागला होता. आधीचं मूल पाचवी पुजायच्या आत गेलं होतं, आणि या खेपेसही अंगात रक्त नाही असं सुईण म्हणाली होती. सुनेनं शेवटी जेवायचं, पानात उरेल ते, बहुधा कण्याच. आईदेखत बायकोची चौकशी करणं म्हणजे त्या काळी लाज सोडणं, हे मला कळत होतं. तरी तित्तरांची चौकशी होते आणि माझी नाही, हे सोसवत नव्हतं. एकदा रागानं पाखरांच्या मडक्यातली मूठभर नाचणी भाजून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मडकं पुन्हा काठोकाठ भरलेलं. पाखरांसाठीच, दुसरं काय?

एका संध्याकाळी सासूबाई ओटीवर वाती वळत होत्या, मी दाराआड होते. स्वारीनं घसा खाकरला आणि जरा मोठ्यानंच सांगायला सुरुवात केली.

"आई, तित्तराची मादी अंड्यांवर बसलीय. अशा वेळी तिला उरलंसुरलं देऊन भागत नाही. तीळ हवेत, गूळ हवा, तूप हवं."

तूपसुद्धा! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सासूबाई वाती बाजूला ठेवून उठल्या.

पुरुषांची जेवणं उरकल्यावर त्यांनी मला आपल्या शेजारी बसवलं. पानात गरम भाकरी वाढली, वर तुपाचा गोळा, बाजूला तिळाचा लाडू.

"हे पाखरांचं ना?" मी फणकाऱ्यानं विचारलं.

"तित्तरं पौषात अंडी घालत नाहीत, मुली. माझा जन्म शेतात गेलाय," त्या म्हणाल्या. "जेव आता. तो मघापासून मागच्या अंगणात उभा आहे."