समान पातळीवरची भेट

संध्याकाळी पाच वाजता आठवी ‘ब’च्या वर्गात वर्गशिक्षक आणि पालक यांची ठरलेली भेट सुरू झाली. दोन्ही पक्ष वेळेवर हजर होते. दोन्ही पक्ष मिळून माणूस एकच होता.

शिक्षक आणि पालक ही मुलाच्या भवितव्याची दोन चाकं आहेत, हे सत्य शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. (मूल गाडीत बसलेलं असतं की गाडी ओढत असतं, हे लिहायला भिंतीवर जागा उरली नाही.) ही दोन चाकं वर्षातून निदान एकदा एकमेकांना दिसावीत म्हणून शाळेने पालकभेट सुरू केली. तिचे नियम थोडके आहेत. भेट दहा मिनिटांची असेल. मूल भेटीला हजर राहील, पण उभं राहील. आणि शिक्षक व पालक समान पातळीवर बसून संवाद साधतील. यातल्या समान पातळीचा अर्थ शाळेने फार काळजीपूर्वक लावला आहे: दोघे एकाच मजल्यावर बसतात. शिक्षकांना हातांची, उंच पाठीची खुर्ची असते. पालकांसाठी पहिलीच्या वर्गातून एक खुर्ची आणली जाते. तिच्यावर बसलं की पालकांचे गुडघे हनुवटीशी येतात आणि संवादाला आवश्यक ती नम्रता आपोआप तयार होते. शाळेच्या पाहणीनुसार या खुर्चीवर बसून आजवर एकाही पालकाने वाद घातलेला नाही.

गणिताचे सर आठवी ‘ब’चे वर्गशिक्षक. त्यांची मुलगी याच वर्गात, कारण ‘अ’ तुकडीत जागा नव्हती. घरी ती माऊ, वर्गात सतरा नंबर. सर तत्त्वाचे पक्के. शाळेच्या फाटकाच्या आत ते तिचे बाप नव्हते आणि फाटकाच्या बाहेर ते तिचे शिक्षक नव्हते. सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून यायची, फाटकाशी उतरायची, आणि तिथून पुढे एकमेकांना ओळख द्यायची नाहीत. सरांच्या या निःपक्षपातीपणाचं शिक्षकांच्या खोलीत फार कौतुक होतं. मुलीचं मत कोणी विचारलं नव्हतं.

पालकभेटीचं वेळापत्रक लागलं तेव्हा सर मुख्याध्यापिका बाईंकडे गेले.

“बाई, माझी मला काय भेट घ्यायची? हे एक नाव गाळलं तर चालेल ना?”

“सर, आज तुमचं गाळलं तर उद्या किराणावाला म्हणेल, माझं गाळा. तो रोज दुकानात मुलाला भेटतोच.”

“पण बसायचं कसं? खुर्च्या दोन, मी एक.”

“आळीपाळीने बसा,” बाई म्हणाल्या. “आणि मुलीच्या आईला जमत असेल तर तिला पाठवा.”

आईला जमणार नव्हतं. तिची बदली दुसऱ्या शहरातल्या टपाल कार्यालयात झाली होती आणि ती शनिवारी रात्री घरी यायची. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं झालं. तुम्ही दोघं बसून एकदाचं काय ते ठरवा. माझी पोर सहा महिने तुमच्या दोघांच्या मधे लटकलीय.”

लटकण्याचं कारण असं. नववीपासून प्रत्येक मुलाला एक जादा विषय घ्यावा लागतो: जादा गणित किंवा सुतारकाम. सुतारकामासाठी वर्गशिक्षकांची शिफारस आणि पालकांची संमती, दोन्ही लागतात. जादा गणिताला काहीच लागत नाही. ज्याचं कुठेच काही ठरत नाही तो आपोआप जादा गणितात जातो. माऊला सुतारकाम हवं होतं. तिने जुलैमध्ये घरी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, “बघू. आधी तुझ्या वर्गशिक्षकांशी बोल.” तिने दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांना विचारलं. सर म्हणाले, “बघू. आधी पालकांना विचारून ये.”

‘बघू’ हा शब्द कुटुंबसंस्थेचा आधार आहे. त्यात नकार नसतो, म्हणून मूल रडत नाही. होकार नसतो, म्हणून खर्च होत नाही. आणि बघण्याला मुदत नसते. सरांनी हा शब्द दोन्ही ठिकाणी सारख्याच प्रामाणिकपणे वापरला. ते खरोखर एकमेकांच्या मताची वाट पाहत होते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सरांनी स्वतःलाही सांगितली नव्हती. जादा गणिताचा वर्ग सरच घेत. वर्ग चालू राहायला बारा मुलं लागतात. पुढच्या वर्षासाठी अकरा झाली होती. संमती द्यायची मुदत पालकभेटीच्या संध्याकाळी संपत होती.

तर पाच वाजता सर उंच खुर्चीवर बसले. समोर पहिलीची रिकामी खुर्ची. मधे टेबलाच्या कडेला माऊ उभी, हात मागे. कोपऱ्यात पर्यवेक्षक घड्याळ घेऊन. हे इतिहास शिकवतात. मुलं त्यांना काटा म्हणतात, आणि हे त्यांना ठाऊक आहे.

“करा सुरू,” काटा म्हणाले.

सर रिकाम्या खुर्चीकडे पाहून बोलू लागले. वीस वर्षांच्या सेवेत त्यांनी पालकांशी बोलण्याची अशी भाषा तयार केली होती की ती कोणत्याही मुलाला बसावी. मुलगी हुशार आहे. पण लक्ष दिलं तर अजून चांगलं करू शकेल. वर्गात शांत असते. (गोंगाट करणाऱ्या मुलांच्या बाबतीत इथे ‘उत्साही’ हा शब्द येतो.) घरी थोडं लक्ष द्या. एवढं बोलून ते थांबले, कारण या ठिकाणी पालक मान हलवतात.

खुर्ची काही हलली नाही.

“सर, आता तुम्ही पलीकडे,” काटा म्हणाले.

सर उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि पहिलीच्या खुर्चीवर बसले. बसले म्हणण्यापेक्षा पोचले. गुडघे वर आले. खुर्ची डावीकडे कलली, मग उजवीकडे, मग जरा विचार करून पुन्हा डावीकडे.

“ही डुगडुगते,” सर म्हणाले.

“पहिल्यापासून डुगडुगते, बाबा,” माऊ म्हणाली. फाटकाच्या आत ‘बाबा’ हा शब्द त्या वर्षी प्रथमच उच्चारला गेला. पण ते खालच्या खुर्चीवर होते, त्यामुळे नियमाचा भंग झाला नाही.

“कोणी सांगितलं कसं नाही?”

“त्या खुर्चीवर बसून कोण सांगणार?” काटा म्हणाले.

खाली बसल्यावर सरांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. आत्ताच ऐकलेल्या वाक्यांतून त्यांना आपल्या मुलीबद्दल काहीही कळलं नव्हतं. ‘हुशार आहे’ म्हणजे कशात? ‘लक्ष’ म्हणजे कशाकडे? समोरची उंच खुर्ची त्यांना प्रथमच जरा शिष्ट वाटली.

“तुम्ही म्हणता शांत असते,” ते खुर्चीला म्हणाले. “घरी तर ती दिवसभर बडबडत असते. इथे गप्प का? तुम्ही कधी विचारलंत तिला?”

उत्तर द्यायला पलीकडे जावं लागलं. “अहो, छत्तीस मुलं आहेत माझ्याकडे,” सर वरून म्हणाले. “प्रत्येकाला काय काय विचारू? आणि मधल्या सुट्टीनंतर तुमची मुलगी रोज उशिरा येते वर्गात. हे तरी तुम्हाला माहीत आहे का?”

पुन्हा वळसा. पुन्हा डुगडुग. “नाही. मला कोणी कळवलं नाही.”

“घरी विचारायचं असतं मुलांना.”

“सर, हे वाक्य वरच्या खुर्चीचं झालं,” काटा म्हणाले. “तुम्ही खाली आहात.”

सर उठून वर गेले, तेच वाक्य पुन्हा म्हणाले आणि खाली आले. त्यांना धाप लागली होती. पण आता माघार नव्हती. पालकाच्या मनात वर्षभर साठलेलं बाहेर पडू लागलं.

“घरी आमचं लक्ष असतं. तिच्या दप्तरात, खिशात लाकडाचा भुसा सापडतो. केसांतसुद्धा. पेन्सिलीला इतकं टोक करते म्हणजे अभ्यास किती करत असेल. मी तिला डझनभर पेन्सिली आणून दिल्या.”

सर बोलता बोलता थांबले. उठले, पण वर गेले नाहीत. टेबलाच्या मधोमध, दोन्ही खुर्च्यांपासून सारख्याच अंतरावर उभे राहिले.

गणिताच्या शिक्षकाला दोन आणि दोन यांची बेरीज करायला वेळ लागू नये. पण इथे एक दोन शाळेत ठेवलेला होता आणि दुसरा घरी, आणि त्यांची गाठ पडू नये याची वर्षभर चोख व्यवस्था होती. मधल्या सुट्टीनंतर सतरा नंबर उशिरा येते, हे वर्गशिक्षकांना माहीत होतं. माऊच्या केसांत भुसा असतो, हे बाबांना माहीत होतं. एकाच डोक्यात राहून हे दोघं आजवर एकमेकांशी बोलले नव्हते.

“तू सुट्टीत सुतारकामाच्या खोलीत जातेस?” ते म्हणाले.

माऊने आधी या खुर्चीकडे पाहिलं, मग त्या. “कोण विचारतंय?”

“दोघं.”

“जाते. आधी नुसता भुसा झाडायचे. आता रंधा मारायला देतात.”

“डबा कधी खातेस मग?”

“हे बाबांनी विचारलं. चालता चालता खाते.”

“आणि उशीर होतो त्याचं काय?”

“हे सरांनी. हात धुवायला वेळ लागतो, सर.”

“पण जादा गणित—” एवढं म्हणून त्यांना पुढचं वाक्य सापडेना. वर्गशिक्षकांनी म्हणायचं होतं की मुलीला गणितात गती आहे. पालकांनी म्हणायचं होतं की मुलीच्या भविष्याचा प्रश्न आहे. आणि या दोघांच्या मागे उभा असलेला तिसरा, अकराच्या पुढे बारा मोजणारा, त्याला या भेटीत खुर्चीच नव्हती.

“जादा गणितात अकरा आहेत ना?” माऊ म्हणाली. “मला ठाऊक आहे. म्हणूनच मी जोरात मागितलं नाही.”

काटांनी घड्याळाकडे पाहिलं.

“शेवटचं मिनिट,” ते म्हणाले. “वर्गशिक्षक, शिफारस आहे की नाही?”

सर उंच खुर्चीवर जाऊन बसले. हो म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर होतं. पण वीस वर्षांची सवय त्या खुर्चीच्या गादीतच होती. “पालकांची हरकत नसेल तर,” ते म्हणाले.

“पालक, संमती?”

सर खाली आले. डुगडुगले. “सरांची हरकत नसेल तर.”

काटांनी इतिहासात अनेक तह शिकवले होते, पण दोन्ही बाजू एकमेकांना शरण जाऊन तह अडलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी घड्याळ बंद केलं आणि प्रकरण मुख्याध्यापिका बाईंकडे पाठवत असल्याचं जाहीर केलं. शेरा मारला की भेट अत्यंत यशस्वी झाली; शिक्षक व पालक यांच्यात कोणताही मतभेद आढळला नाही.

सर पुन्हा मधोमध उभे राहिले. बाहेर पुढचे पालक, शिलाईचं दुकान चालवणारे एक गृहस्थ, दारातून डोकावत होते.

“मग निदान हे तरी विचारू का?” माऊ म्हणाली. “नियमात समान पातळी लिहिलंय ना? खुर्च्या नीट करून आणू? सुतारकामाची खोली सहापर्यंत उघडी असते.”

“आण,” सर म्हणाले.

हे कोण म्हणालं, याचा नंतर पुष्कळ खल झाला. ते कोणत्याच खुर्चीवर बसलेले नव्हते, त्यामुळे ती शिफारस धरावी की संमती, की दोन्ही, यावर बाईंचं आणि काटांचं एकमत झालेलं नाही. सरांना विचारलं तर ते सांगतात, “तोंडातून गेलं.” सहा महिन्यांत त्यांनी ‘बघू’ न म्हणता दिलेलं हे पहिलं उत्तर होतं, हे मात्र सगळ्यांना मान्य आहे.

माऊ एकेका हातात एक खुर्ची घेऊन निघून गेली. मोठी खुर्ची दारात अडली तेव्हा शिलाईवाल्या गृहस्थांनी ती जरा तिरकी करून दिली. मग आत येऊन त्यांनी बसायला जागा शोधली. नव्हती. सरांनाही नव्हती. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिले, आणि सरांना प्रथमच दिसलं की हे गृहस्थ आपल्यापेक्षा चांगले वीतभर उंच आहेत.

“माझा मुलगा कसा आहे, सर?” त्यांनी विचारलं.

“हुशार आहे,” सर म्हणाले, आणि पुढे काय म्हणायचं ते आठवेना. “तुम्ही सांगा. घरी कसा असतो?”

गृहस्थ बावरले. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, त्यामुळे त्यांनी त्याचं उत्तर कधी पाहून ठेवलं नव्हतं.

शेवटची खबर हाती आली तेव्हा साडेपाच वाजले होते. अनुमतीचा निर्णय बाईंच्या टेबलावर होता. जादा गणितात अकरा मुलं होती. सुतारकामाच्या खोलीतून करवतीचा आवाज येत होता. सरांच्या मते लहान खुर्ची उंच करायला करवत कशाला लागेल, म्हणजे मोठीचे पाय चालले. काटांचं म्हणणं, पाय वाढवायचा तरी आधी तुकडा कापावा लागतोच. पण ते इतिहास शिकवतात. आत जाऊन बघून यायला दोघांपैकी कोणीही तयार नव्हतं.

तोवर वाचकांनी आपल्या बुडाखालची खुर्ची एकदा हलवून पाहायला हरकत नाही. डुगडुगत नसेल तर लगेच निर्धास्त होऊ नये. सरांचीही डुगडुगत नव्हती.