पवनचक्कीची खंडेनवमी

समुद्रकाठच्या वाडीला वीज देणारा पहिला सोलापूरकर मीच होणार होतो! सोलापुरात समुद्र नाही, ही किरकोळ अडचण. माझ्याकडे डिप्लोमा होता.

खाडीपलीकडच्या त्या चाळीस घरांच्या तारा दर वादळात पडतात, आणि मग बर्फपेटीतली मासळी वासानेच हजेरी लावते. म्हणून वाडीचे पुढारी हरेश्वर नाखवा आमच्या वर्कशॉपमधली पवनचक्की बघायला येणार होते. पसंत पडली तर पवनचक्की, नाहीतर डिझेलचा जनरेटर. माझं आयुष्यातलं पहिलं डिझाइन! तारीखही मीच दिली. कॅलेंडर न बघता.

ती निघाली खंडेनवमी.

त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा होते, आणि पूजा झालेलं यंत्र दिवसभर चालवायचं नसतं. गुरुबसप्पा मालकांनी लेथ बंद केला, ड्रिल बंद केलं. पवनचक्कीला बटणच नाही, म्हणून पात्यांना झेंडूचे हार घालून ती दोरीने खांबाला बांधली.

आधीचे आठ दिवस त्या पात्यांवर कबुतरं झोपा काढत होती. आज मात्र असा वारा सुटला की शेजारचा पत्रा आमच्याकडे पाहुणा आला!

"मालक, सोडू या की! नाखवा एवढ्या लांबनं आलेत!"

"यंत्राला वर्षातनं एक सुट्टी हाय, नंदीश. तुला बावन्न रविवार लागतात की!"

"पण आपण कुठं चालवतोय? वारा चालवतोय!"

"मग वाऱ्याला म्हणावं, उद्या ये."

नाखवा मान वर करून बघत होते. "ही बांधलीय कशाला?"

"आज तिचा सण हाय," मालक म्हणाले. "आज फिरवायची न्हाय."

नाखव्यांनी लगेच चपला काढून हात जोडले.

तेवढ्यात दोरी सुटली! पाती गरगरली, झेंडू छर्ऱ्यांसारखे उडाले, खाली मी जोडलेला बल्ब पेटला!

"फिरली! नाखवा, बघा, फिरली!"

नाखव्यांनी बघितलं. बघितलं आणि तीच दोरी उचलून, होडी धक्क्याला लावावी तसा फास फेकला. दुसऱ्या फेकीत पाती ठप्प! वर अशी गाठ मारली की ती आजतागायत कुणाला सुटलेली नाही. माझा बल्ब आठ सेकंद जगला.

"देव राखलास, दादा!" मालकांनी त्यांना मिठी मारली.

"नाखवा, पण फिरते ना ती?" मी रडकुंडीला आलो.

"वाऱ्यावर फिरंलच रे पोरा, त्यात काय! पण सणाला बांधाया लागते. आमच्या वाडीत सण किती! नारळी पुनव, गौरी, शिमगा... सणालाच काळोख?"

"अहो, वर्षातून एकच दिवस! तोसुद्धा फक्त आमच्या मालकांचा!"

"देवाशी घासाघीस करू नये."

संध्याकाळच्या गाडीआधी त्यांनी जनरेटर पसंत केला. त्याला लोखंडी स्टँड लागणार होता. ते काम मालकांनी प्रेमाने आमच्याकडेच घेतलं. डिझाइन माझं, वेल्डिंग माझं.

परवा नाखव्यांचा खास फोन आला. म्हणाले, "पोरा, एक नंबर बनवलास! जरासुद्धा हलत नाय!"