लिंडसेची हवेची तोफ

ख्रिसमसच्या सकाळी स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं आणि लिंडसे हॅरोगेटला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सणाचा दिवस, दुपारी जेवायला पाहुणे, आणि सिंकच्या दोन्ही खणांत काठोकाठ राखाडी पाणी, त्यावर मटारचे दाणे तरंगतायत. शहाण्या माणसाने कपाळाला हात लावला असता. लिंडसेने टाळी वाजवली.

"तुंबलं! ग्लेनिस, तुंबलं गं, तुंबलं!"

त्याला कारणही तसंच होतं. सप्टेंबरात, तिकडच्या फादर्स डेला, त्याच्या लेकीने त्याला तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायची हवेची पिचकारी भेट पाठवली होती. मागे सायकलच्या पंपासारखा दांडा, पुढे रबरी कटोरा, मधे पिस्तुलासारखा चाप. दांडा मारून हवा भरायची, कटोरा मोरीवर दाबून धरायचा आणि चाप ओढायचा. लिंडसेने तिचं नाव तोफ ठेवलं, तिच्यासाठी शेडच्या भिंतीवर खास खुंटी ठोकली आणि वाट बघत बसला. पण वैऱ्याने डाव साधावा तशी तेव्हापासून घरातली एकही मोरी तुंबेना. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाने किती दिवस नुसती तोफ पुसावी? शेवटी शेवटी तर तो शेजाऱ्यांना "काय, पाणी नीट जातंय ना?" असं विचारायला लागला होता, आणि लोक त्याला बघून रस्ता बदलत होते.

ग्लेनिस चर्चला निघाली होती. एका कानात डूल घालून ती आली, सिंककडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"लिंडसे, नाही."

"अगं, पाच मिनिटांचं काम!"

"फाटकसुद्धा पाच मिनिटांचंच काम होतं. उलटं बसवलंस. तेव्हापासून टपालवाला कुंपणावरून पत्रं फेकतोय. हात लावायचा नाही. नेव्हिल येतोय ना जेवायला, तो बघेल."

नेव्हिल म्हणजे ग्लेनिसच्या बहिणीचा, कोरलचा नवरा. लिंडसेचा साडू. आणि धंद्याने प्लंबर! टलोरा गावातल्या निम्म्या घरांच्या मोऱ्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. लग्न झाल्यापासून लिंडसे एकच वाक्य ऐकत आला होता: "नेव्हिलला बोलाव." त्यात गेल्या वर्षापासून गडी फारच चढेल झाला होता. एका अजस्र बारामंडी माशाशी झुंजताना त्याची पुढच्या तीन दातांची कवळी समुद्रात पडली होती म्हणे. दोन्ही हातांनी गळ धरलेला, दोरी सुटायला लागली म्हणून ती दातांत पकडली, आणि माशाने असा हिसका दिला की कवळी गेली, त्यातल्या सोन्याच्या दातासकट गेली! ही कथा सांगून सांगून नेव्हिल मासेमारी क्लबचा अध्यक्ष झाला होता. मासा दर वेळी थोडा वाढायचा.

"नेव्हिल कशाला?" लिंडसे पेटला. "माझ्या घरात मी आहे ना?"

"असं म्हणतोस?" ग्लेनिसने दुसरा डूल शांतपणे अडकवला. "मग ऐक. तू हात लावलास आणि घोळ झाला, तर शेड माझी. माझी मातीच्या भांड्यांची भट्टी तिथे बसणार. तुझे खिळे न् मोळे सगळे बाहेर."

मागच्या अंगणातली ती पत्र्याची शेड म्हणजे त्याचं माहेर होतं. तिथे त्याचा रेडिओ होता, मोडकी आरामखुर्ची होती, आणि तो काय करतो आहे हे विचारणारं कोणी नव्हतं. पण समोर राखाडी पाणी होतं आणि खुंटीवर तोफ होती.

"आणि मोकळं झालं तर?"

"तर जन्मात शेडचं नाव काढणार नाही. शब्द." एवढं बोलून ती गाडीत बसून गेली.

गाडी वळते न वळते तोच लिंडसेने तोफ आणली. दांडा मारला, कटोरा उजव्या खणाच्या भोकावर गच्च बसवला, डोळे मिटले आणि चाप ओढला.

धप्प!

जोडसिंकच्या दोन्ही खणांचं पाणी खाली एकाच नळीत जातं. लिंडसेला हे माहीत होतं, पण आनंदात आठवलं नाही. उजवीकडून आत गेलेली हवा डावीकडून बाहेर आली, येताना तिथलं सगळं पाणी घेऊन आली, आणि लिंडसेच्या तोंडावर आपटून छतापर्यंत गेली. पंख्याच्या पात्यावरून एक मटार टपकन खाली पडला. खिडकीतल्या पाव्हलोव्हावर, ग्लेनिसने रात्रभर जपलेल्या त्या साईच्या नि फळांच्या केकवर, शिंतोडाही उडाला नव्हता. लिंडसेने देवाचे आभार मानले.

"काय रे, काय फुटलं?" आवाज ऐकून शेजारचा पीनो कुंपणावरून डोकावला. पीनोच्या आजोबांनी इटलीहून ऊस तोडायला येऊन इथे घर बांधलं होतं. बाकी घराणं शांत, पण पीनोला गडबडीचा भारी सोस.

"फुटलं नाही, फुटणार आहे! गड्या, ये लवकर, माणूस कमी पडतोय!"

पीनो चप्पलही न घालता आला. त्याने ओला टॉवेल गोळा करून डाव्या खणाच्या भोकात कोंबला आणि वरून दोन्ही हातांनी दाबला. लिंडसेने पुन्हा हवा भरली.

"तयार?"

"मार!"

धप्प! या वेळी सिंकमधून थेंबही उडाला नाही. दोघांनी एकमेकांकडे विजयी नजरेने पाहिलं. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे कपडे धुण्याच्या खोलीत कोणीतरी पोतंभर गोटे जमिनीवर ओतल्यासारखा आवाज झाला.

ख्रिसमसला फ्रिजमध्ये हॅम असतं, सॅलड असतं. मग बिअरने बिचारीने जायचं कुठे? ती जाते कपडे धुण्याच्या टबात. टबाला बूच लावायचं, पोतंभर बर्फ ओतायचा, त्यात बाटल्या नि कोळंबी खुपसायची. गावात घरोघरी हेच. लिंडसेनेही पहाटे उठून तेच केलं होतं. फक्त त्या टबाची नळी भिंतीतून येऊन सिंकच्याच नळीला मिळते, हे त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. हवेने टबाचं बूच उडवलं आणि बुचाने बर्फ. आता खोलीभर बर्फाचे खडे पसरले होते, बिअरच्या बाटल्या दाराकडे घरंगळत होत्या, आणि ग्लेनिसचे इस्त्रीचे टेबलक्लॉथ गार पाण्याने भिजले होते. कोळंबी घट्ट झाकणाच्या डब्यात होती म्हणून अब्रू वाचली.

"शेड गेली," लिंडसे पुटपुटला.

"अरे, रडतोस काय? आपण जवळ आलोय!" पीनोच्या अंगात आता वारं शिरलं होतं. "सिंकचं दुसरं भोक बंद, टबाचं भोक बंद, मग हवा जाईल कुठे? पुढेच जाईल! मी बसतो टबात."

"टबात?"

"बुचावर. बघू कसं उडतंय ते."

आणि पीनो खरंच उरलेल्या बर्फासकट टबात बुचावर बसला. तिकडे दक्षिण गोलार्धात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, आणि उकाडा असा की पहिल्यांदा त्याला स्वर्गात गेल्यासारखंच वाटलं. इकडे लिंडसेने डाव्या खणातल्या टॉवेलवर भरलेली बादली ठेवली, बादलीवर ग्लेनिसची लोखंडी कढई ठेवली आणि दांडा मारायला सुरुवात केली. तोफेसोबत आलेल्या माहितीच्या कागदावर जेवढं मारायला सांगितलं होतं तेवढं झालं. मग पहिले दोन बार फुकट गेल्याचं उट्टं म्हणून तो आणखी मारत राहिला.

"झालं का रे?" पलीकडून पीनोचा आवाज.

"होतंय!"

"लवकर कर गड्या! मला माझं खालचं काही कळेनासं झालंय!"

लिंडसेने कटोरा दाबला आणि चाप ओढला. ओढता ओढता त्याची नजर खिडकीबाहेर गेली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

घरातलं पाणी कधी तुंबलंच तर ते घरात न शिरता बाहेर पडावं, म्हणून टलोरात प्रत्येक घरामागे जमिनीलगत एक मोरी असते. तिच्यावर एक जाळी सुटीच ठेवलेली असते. पाण्याचा दाब आला की तिने उडावं, हेच तिचं काम. तिच्यावर काही ठेवायचं नसतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण अंगणात जेवणाचं टेबल मांडलं की त्याच्या बाजूची ती जाळी लिंडसेच्या डोळ्यांत खुपायची. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने त्यावरून प्लास्टिकच्या हिरवळीची ऐटबाज सतरंजी अंथरली होती. आणि आता त्या हिरवळीवर, बरोब्बर त्या जागी, खांद्यावर बिअरचं खोकं घेऊन नेव्हिल उभा होता. पुढच्या फाटकाशी झटापट नको म्हणून तो बाजूने आला असावा.

भिंतीतून काहीतरी गुरगुरत गेलं. हिरवळ तव्यावरच्या फुलक्यासारखी टम्म फुगली. नेव्हिल अर्धा हात वर उचलला गेला आणि "अरेच्चा" म्हणाला. मग हिरवळीची कड सुटली, जाळी उडाली आणि वर्षभराचा काळा गाळ एका दमात आभाळात गेला. तो परत आला तो नेव्हिलच्या नव्या फुलाफुलांच्या शर्टावर.

स्वयंपाकघरात सिंकने एक लांब घोट घेतला. गुर्रर्र, गट्! दोन्ही खण रिकामे!

"गेलं! पीनो, गेलं रे गेलं!" लिंडसे नाचत नाचतच अंगणात धावला. पण दोन पावलांवर थबकला. नेव्हिल शिव्या देत नव्हता. तो गाळात न्हाऊन, मान खाली घालून पायाशी बघत होता. हिरवळीवर तीन दातांची एक कवळी पडली होती, आणि मधला सोन्याचा दात उन्हात झगझगत होता.

"नेव्हिल," लिंडसे हळूच म्हणाला, "बारामंडी बराच लांब पोहत आला म्हणायचा."

"हळू बोल, बाबा," नेव्हिल कुजबुजला. अध्यक्षांचा चेहरा गाळातूनही पांढरा दिसत होता. "गेल्या ख्रिसमसला कवळीत कोळंबीचं टरफल अडकलं. तुझ्या टबात धुवायला काढली न् सटकली. प्लंबर मी! बायकोच्या बहिणीच्या घरात माझे दात मोरीत गेले, हे कुणाला सांगू?"

तेवढ्यात बाजूने बोलण्याचा आवाज आला. फाटकाशी भेटलेल्या ग्लेनिस आणि कोरल मागे येत होत्या. नेव्हिलने चटकन कवळीवर पाय ठेवला.

"काय झालं हे?" ग्लेनिसने अंगण पाहिलं, मेव्हण्याचा शर्ट पाहिला आणि नवऱ्याकडे वळली. "लिंडसे, सिंक?"

लिंडसेने नेव्हिलच्या पायाकडे पाहिलं. मग शेडकडे पाहिलं. मग पुन्हा पायाकडे पाहिलं.

"तूच सांग, नेव्हिल. तू जाणकार माणूस."

"मोकळं झालंय. एकदम लख्ख. खरं सांगतो ग्लेनिस, मी केलं असतं तरी... तरी याहून चांगलं झालं नसतं."

"हे तू म्हणतोयस?" कोरलने तोंडावर हात ठेवला.

"मी म्हणतोय," नेव्हिल म्हणाला, आणि एवढं बोलताना त्याला जेवढे कष्ट पडले तेवढे त्या माशानेही दिले नसते. लिंडसेला मात्र आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. मग त्याने हिरवळ गोळा करायच्या निमित्ताने वाकून, साडूचा पाय हलकेच सरकवून, कवळी खिशात टाकली.

"अरे, मला कोणी काढणार आहे का इथून?" आतून पीनो केविलवाण्या आवाजात ओरडला.

जेवण झकास झालं. पाव्हलोव्हा शेवटच्या चमच्यापर्यंत संपला. पीनोने दोन उशा घेऊनही उभ्यानेच जेवणं पसंत केलं. नेव्हिल लिंडसेच्या जुन्या शर्टात बसला होता, आणि कोणी माशाची गोष्ट काढली की बटाटे मागत होता. दुपार कलल्यावर सगळे पंख्याखाली पेंगले तेव्हा लिंडसे आपल्या शेडमध्ये गेला. त्याने कवळी धुतली, जॅमच्या बरणीत ठेवली आणि वरून थोडे वॉशर टाकले. तेवढ्यात दारात चहाचे दोन कप घेऊन ग्लेनिस उभी.

"काय ठेवतोयस?"

"वॉशर."

"सोन्याचे?"

लिंडसेने बरणी पाठीमागे लपवली.

"कोरलने तेव्हा दारातून सगळं पाहिलं होतं. गेल्या ख्रिसमसलाच सांगितलं होतं मला," ग्लेनिस आरामखुर्चीत टेकत म्हणाली. "शपथ घातली होती, म्हणून गप्प होते. आज सिंक तुंबलं तेव्हाच ओळखलं, दात वर यायची वेळ झाली."

"म्हणजे? म्हणून तू म्हणत होतीस की नेव्हिलला बघू दे?"

"त्याने सगळ्यांसमोर बाह्या सरसावून मोरी उघडली असती, आणि स्वतःच्या हाताने स्वतःचे दात काढले असते. काय मजा आली असती! तर तू आधीच तोफ डागून मोकळा." तिने चहाचा घोट घेतला. "असू दे. शब्द म्हणजे शब्द. शेड तुझी."

लिंडसेला हायसं वाटलं. मग त्याला तिची जरा दयाच आली. "आणि तुझी भट्टी गं?"

"न्हाणीघरामागे नवी खोली काढतेय तिच्यासाठी. नळ, मोरी, सगळं काम नेव्हिल करणार आहे. फुकट."

"नेव्हिल? फुकट? तो तयार झाला?"

"त्याला अजून माहीत नाही," ग्लेनिस म्हणाली. तिने त्याच्या हातातून बरणी घेतली, झाकण घट्ट बसवलं आणि तोफेशेजारच्या फळीवर नीट आत सरकवून ठेवली.