चनबसअप्पांचं ऊन

दुपारी बारा ते साडेबारा या वेळात आमच्या गल्लीत कुणी कुणाकडे जात नाही. चुकून गेलाच, तर चनबसअप्पा त्याला फाटकातच गाठतात आणि म्हणतात, "चप्पल काढा."

पाहुण्याला वाटतं, आत काहीतरी देवाधर्माचं असेल. तो बिचारा चप्पल काढतो. अप्पा त्याला जिन्यानं वर नेतात, कमरेच्या करदोड्याला बांधलेल्या किल्लीनं गच्चीचं कुलूप काढतात आणि शहाबादी फरशीवर उभं करतात. स्वतःही शेजारी उभे राहतात, अनवाणी. मग विचारतात, "हां. आता सांगा, कोणतं ऊन हाय?"

पाहुणा एव्हाना नाचत असतो. मीटरचं रीडिंग घेणारा माणूस हल्ली सकाळी आठलाच येऊन जातो. गॅसवाला सिलिंडर फाटकाबाहेर ठेवून लांबूनच हाक मारतो. मी पडलो सख्खा शेजारी, त्यात लातुरातल्याच एका कॉलेजात भूगोल शिकवणारा. माझी सुटका नाही. "सर, तुम्ही तर शिकलेले. मला म्हाईतच हाय, पर तुम्हाला कळतंय का बघू," असं म्हणून ते माझी परीक्षा घेतात. पहिले काही दिवस मी "गरम आहे" एवढंच उत्तर द्यायचो. त्यावर ते, नापास मुलाकडे मी बघतो तसे, माझ्याकडे बघायचे.

अप्पा मूळचे उदगीरकडचे. चाळीस वर्षं लातूरच्या एका दाळ मिलमध्ये होते. तिथं त्यांचं काम एकच, ऊन बघायचं. तूर तेल-पाणी लावून अंगणात पसरली, की तिच्यातून अनवाणी पाय ओढत चालायचं आणि तळपायानं ठरवायचं, कधी वरखाली करायची, कधी गोळा करायची. ऊन कमी पडलं तर साल सुटत नाही, जास्त झालं तर दाळीचा चुरा होतो. सगळ्या मिलचं लक्ष अप्पांच्या पायाकडे असायचं. नवी चावून पाय बिघडायला नको म्हणून मालक म्हणे त्यांना नवीन चप्पल घेऊ द्यायचे नाहीत, जुनीच शिवून घ्या म्हणायचे.

उन्हाच्या पायऱ्याही त्यांच्याच. लेकराचं ऊन म्हणजे सकाळचं कोवळं, बाळाला तेल लावून दाखवायचं. त्याच्यावर मुगाचं. मग कुरडईचं, म्हणजे बाईमाणसाला डोक्यावर पदर घेऊन बसता येईल, असं. त्याच्यावर तुरीचं. "तुरीच्या उन्हात तूर ठेवायची सर, माणूस न्हाई." त्याच्या वर काय, असं मी एकदा विचारलं. अप्पा म्हणाले, "वर काय न्हाई. आमच्यात त्येला नाव न्हाई."

हे सगळं मी नेहमीच्या चेष्टेच्या सुरात सांगतोय खरा, पण या प्रकारात चेष्टेचं फार काही नाही. अप्पांच्या घरात त्यांच्या बायको, महादेवीकाकू, आहेत. किरकोळ अंगाच्या, हट्टी, आणि स्वयंपाकघरातून हाक मारली तर चौकापर्यंत ऐकू जाईल अशा. गेल्या वैशाखात त्या नांदेडच्या लेकीसाठी गच्चीवर कुरडया घालायला बसल्या आणि हातात सोऱ्या तसाच धरून कोसळल्या. मी आणि अप्पांनी त्यांना उचलून खाली आणलं, ऑटोत घातलं. हाताला त्यांचं अंग तव्यासारखं लागत होतं. चार दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी वाचल्या. परत असं ऊन लागलं तर मी शब्द देणार नाही."

तेव्हापासून अप्पा पहाऱ्यावर आहेत. गच्चीला कुलूप. काकूंच्या खिडकीला पोत्याचा पडदा, दर घंट्याला त्याच्यावर पाणी. काकूंनी भाजी आणायची ती आठच्या आत. त्यांचा भांडून जीव जातो. "मला काय तूर समजून राहिले काय हो? झाका, भिजवा, आत न्या!" असं त्या माझ्यादेखत ओरडतात, आणि अप्पा पडद्यावर पाणी मारत राहतात.

या पहाऱ्यात मीही एकदा आरोपी म्हणून सापडलो. आम्ही नवीन एसी बसवला. त्याचं बाहेरचं खोकं अप्पांच्या भिंतीकडे होतं. तिसऱ्या दिवशी बघतो तर अप्पांनी त्या खोक्यासमोर स्टुलावर ताट मांडलेलं, ताटात ओले सांडगे.

"दोन घंट्यात कडक वाळले, सर," त्यांनी मला एक सांडगा मोडून दाखवला. "तुमची खोली थंड व्हत न्हाई. तुमची गरमी माझ्याकडं येऊन राहिली. आन ती खिडकी कुणाची हाय?"

खिडकी काकूंची होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून खोकं रस्त्याच्या बाजूला घेतलं. आता ती गरम हवा येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर जाते. त्यांच्यापैकी कुणी अजून सांडगे घेऊन आलेलं नाही, एवढंच.

मिलमधली त्यांची नोकरी सुटली तीही उन्हापायीच. अलीकडे तूर पसरली की नेमका पाऊस यायचा. माघात पाऊस, फाल्गुनात गारा. वाळवलेल्या तुरीची कधी साल सुटायची नाही, कधी दाळीचा चुरा व्हायचा. एकदा तर मोकळं आभाळ बघून पसरलेली तूर घंटाभरात अशी भिजली की ताडपत्रीखाली तिला मोड आले. मालकांनी हात जोडले आणि ड्रायर आणला. ड्रायरला ऊन लागत नाही, त्यामुळे ऊन बघणाराही लागत नाही. त्याला लाकूड लागतं, कोळसा लागतो.

अप्पा अजून अधूनमधून मिलच्या भिंतीपलीकडे उभे राहून ते धुराडं बघतात. "गंमत बघा सर. उन्हाचा भरवसा ऱ्हायला न्हाई म्हणून ड्रायर आणला. ड्रायरचा धूर वर. धुरानं ऊन अजून बिघडणार. मग अजून एक ड्रायर." असं म्हणून ते हसतात. मी त्यांच्याबरोबर हसतो आणि घरी येऊन एसी लावतो, हेही सांगून टाकतो.

एकदा त्यांनी मला विचारलं, "पुस्तकात काय देऊन राहिलेत ह्याच्याबद्दल?" मी वर्गात सांगतो तसं सांगितलं, की कोळसा, पेट्रोल जाळून हवेत जो वायू साचतो, तो पृथ्वीभोवती पांघरुणासारखा बसतो आणि आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मुलांना हे कळायला दोन तास लागतात. अप्पांना अर्धं मिनिट लागलं.

"म्हणजे तुरीचा ढीग करून ताडपत्री टाकल्यासारखं. रातभर आतल्या आत घामेजती."

"हो, तसंच."

"आन ताडपत्री कोण टाकून राहिलं?"

"आपणच."

"मग काढंनात कामून?"

मी म्हणालो, ते तितकं सोपं नाही. अप्पा म्हणाले, "ढिगात हात घालून बघायचा असतो सर. लई तापला तर दाणा आतून मरतो. वरून कळत न्हाई." त्यानंतर तो धडा शिकवताना माझी जीभ पूर्वीसारखी सुरळीत चालत नाही.

यंदा पाडवा झाला आणि उन्हानं रंग दाखवायला सुरुवात केली. एका दुपारी माझी परीक्षा चालू असताना नांदेडहून त्यांच्या लेकीचा, सविताचा, फोन आला. ती म्हणत होती, आईला इकडं पाठवा. अप्पा म्हणाले, "आधी तुझ्या गच्चीवर जा. चप्पल काढ. पाय ठेवून सांग कसं हाय." तिकडून सविताची किंकाळी मलाही ऐकू आली. "मग? नांदेडात काय गोदावरी सावली धरून राहिली का? हितंच बरी हाय ती!" मी केव्हाच उड्या मारत दाराच्या सावलीत आलो होतो. अप्पा मात्र भर फरशीवर, लेकीची, जावयाची, नातवाच्या दाढेची चौकशी करत पंधरावीस मिनिटं उभे होते. काय तयारीचा माणूस आहे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले तरी हाक आली नाही. माणसाला कशाचीही सवय लागते. मीच गेलो. अप्पा खाटेवर पाय लांब करून बसले होते आणि काकू त्यांच्या तळपायांना कोरफड लावत होत्या. दोन्ही तळव्यांवर पुरीएवढाले फोड होते.

"काय न्हाई, नवी चप्पल लागली," अप्पा म्हणाले. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि पाणी आणायला आत गेल्या.

त्या आत जाताच अप्पांचा आवाज उतरला. "सर, ह्ये पाय मेलेत. शुगर. दोन वर्षं झाली. काय लागत न्हाई, काटा न्हाई, खडा न्हाई, ऊन न्हाई."

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"आधी मला कळलंच न्हाई. सगळी गल्ली म्हणायची, लई ऊन, लई ऊन. मी पाय ठेवायचो, तर नरम. म्हणलं, लोक नाजूक झालेत. गेल्या साली हिनं इचारलं, जाऊ का वर? मी पाय ठेवून आलो आन म्हणलं, जा, कुरडईचं हाय." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "मिलमधली तूर चुकली ती उन्हानं का पायानं, तेबी आता कळायला मार्ग न्हाई. ऊनबी बिघडलं, पायबी बिघडले. आधी कोण बिघडलं, शिवाला ठाऊक. हिला सांगू नका. हिला वाटतंय, ऊनच एकदम वाढलं त्या दिवशी."

म्हणजे ती परीक्षा नव्हतीच. गॅसवाला, मीटरवाला, मी, नांदेडची सविता, सगळ्यांचे पाय हा माणूस वर्षभर उसने मागत फिरत होता, बायकोला कळू न देता. मी मनातल्या मनात त्यांना चक्रम म्हणत आलो होतो. मला फार वाईट वाटलं.

निघालो तर काकू फाटकापर्यंत आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हळू आवाज ऐकला.

"पायाचं बोलले ना?"

मी चप्पल घालायला वाकलो.

"मला म्हाईत हाय. मोजे उलटे घातले तरी कळत न्हाई त्यांना. त्या दिवशीबी मला कळलं होतं, सर. मी पाटावर बसले तर पाट पोळून राहिला. उठून खालीच येणार होते. तर ह्ये दारात उभे. इचारून राहिले, बरं हाय ना ऊन? त्याच महिन्यात मिलमधून काढलं होतं त्यांना. चाळीस वर्षं ज्याचं ऊन चुकलं न्हाई, त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू, चुकलं तुमचं? म्हणलं, हाव, बरं हाय. आजून दोन ताटं घालते." त्यांनी पदरानं फाटकाची कडी उगीचच पुसली. "त्यांना सांगू नका. खचून जातील."

दोघांचीही शपथ माझ्याच गळ्यात पडली. घरी येऊन बायकोलासुद्धा मी काही बोललो नाही.

आता कॉलेजला सुट्टी आहे आणि अप्पांच्या पायाला पट्ट्या आहेत. त्यामुळे रोज बाराला गच्चीवर मी एकटाच उभा राहतो. अप्पा दाराच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात. मी पाय ठेवतो, जमेल तितकं थांबतो आणि सांगतो. सांगताना एक पायरी वाढवून सांगतो. ढगाळ दिवशी मुगाचं होतं, मी कुरडईचं सांगितलं. कुरडईचं होतं, तेव्हा तुरीचं म्हणालो. मग अप्पा खाली ओरडतात, "आज न्हाई हां, तुरीचं हाय!" आणि काकू आतून शिव्या घालतात, पण खोलीतच राहतात. निरीक्षण खोटं लिहिलं म्हणून मी मुलांचे मार्क कापतो. इथं मी बिनदिक्कत खोटं बोलतो, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

परवा सोमवारी नेहमीसारखा उभा राहिलो. पाय टेकला आणि तसाच उचलला. सावलीत आलो, भिंतीला धरून उभा राहिलो. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या दिवशी मी काहीही वाढवलं नाही. जे होतं तेच सांगितलं, "तुरीच्या वरचं."

अप्पांनी नाव विचारलं नाही. खिडकीचा पडदा भिजवायला ते पट्ट्या बांधलेल्या पायांवर उठायला लागले. मी त्यांना खांदा धरून बसवलं आणि बादली घेऊन खाली धावलो.